ख्रिस्ती घरातल्या मूर्ती: देव्हारा नाही, मग पूजा कुणाची चालू आहे?

सातरस्ता

जय ख्रिस्त, सगळ्यांना सलाम.

मूर्तिपूजेवरचा उपदेश आपल्याकडे ठरून गेलेला आहे. सोन्याचं वासरू, बआल, दानीएलाच्या मित्रांची भट्टी आणि शेवटी शेजारपाजारच्या देवळांकडे बोट. ऐकणारा निवांत, कारण घरात देव्हाराच नाही. पण यहेज्केल १४:३ मधला आरोप परक्यांवर नाही. संदेष्ट्यासमोर येऊन बसलेल्या इस्राएलच्या वडिलांवर, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांवर आहे, की यांनी आपल्या मूर्ती हृदयात बसवल्यात. कलस्सै ३:५ मध्ये पौल लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हणतो, तेही मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना लिहिताना. म्हणून हा धागा आपल्या घरांपुरता. दुसऱ्यांच्या श्रद्धेवर इथे कुणी घसरू नये.

वस्तूकडे बघून मूर्ती ओळखता येत नाही, कारण वस्तू बहुतेक वेळा चांगली असते. पितळेचा साप घ्या. गणना २१ मध्ये तो देवाच्याच सांगण्यावरून झाला आणि त्याच्याकडे बघणारे वाचले. २ राजे १८:४ मध्ये हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. मध्ये कित्येक पिढ्या गेल्या होत्या आणि मोशेच्या हातची वस्तू फोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

तपासायला मी तीन प्रश्न वापरतो. अडचण आली की पहिला हात कुठे जातो? ती गोष्ट उद्या काढून घेतली तर नेमकी कशाची भीती वाटते? आणि तिच्यासाठी घरात बळी कुणाचा जातो? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. सकाळी तलावावर फिरायला जाणारा माणूस पावसामुळे एक दिवस घरी बसला आणि घरच्यांवर खेकसला नाही, तर ती नुसती सवय. पण एखाद्या गोष्टीपायी खोटं बोलावं लागतंय, सख्ख्या भावाशी बोलणं बंद झालंय, पोरं समोर यायला घाबरतात, तर बळी चढतोय हे नक्की. मग त्या गोष्टीवर क्रूस कोरलेला असला तरी फरक पडत नाही.

आपापल्या माहितीतलं लिहा. नेमकं लिहा. "जगिक गोष्टींपासून दूर राहा" एवढ्यावर भागवू नका.

हिशेबनीस

पैशाबद्दल लिहितो. "पैशाची पूजा करू नका" म्हणून काही होत नाही, कारण कुणालाच वाटत नाही की आपण करतो. कागद काढा.

गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं आणि यूपीआयचं स्टेटमेंट काढायचं. एकच महिना नको. एका महिन्यात लग्न, फी, आजारपण काहीही येतं आणि चित्र बिघडतं. मोठ्या रकमांमागे लागू नका. घरभाडं मोठंच असणार. ओढाताणीच्या महिन्यात कुठला खर्च सगळ्यात आधी भागवला आणि कुठल्या खर्चाला हात लावायचा विचारसुद्धा आला नाही, तेवढं बघा. दूध कमी झालं, आईच्या गोळ्या चार दिवस लांबल्या, पण भिशी आणि मोबाईलचा हप्ता तारखेला गेला, तर त्या घरात राज्य कुणाचं हे कागदच सांगतो.

आपल्या समाजात सगळ्यात महागडी मूर्ती म्हणजे "चार लोकांत नाव". लग्नाचं उदाहरण घ्या. हॉल, पाचशे पानं, बँड, केक, सूट यासाठी ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज, १४ टक्के, ३ वर्षं. हप्ता साधारण १०,२५० रुपये. तीन वर्षांत नुसतं व्याज ६९ हजारांच्या आसपास. महिना २५ हजार मिळवणाऱ्या पोराच्या पगारातले दोन पंचमांश जेवून गेलेल्या पाहुण्यांसाठी. नव्या जोडप्याची पहिली तीन वर्षं याच हप्त्यावरून भांडण्यात जातात. विडीच्या हजारावर मजुरी घेणाऱ्या आईचा पैसाही यातच जातो. हा बळी नाही तर काय?

दशांशालाही, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्यालाही, हाच आजार जडतो. मलाखी ३ वाचून, "नाही दिला तर नुकसान होईल" या धास्तीनं लोक देतात. मग तो विम्याचा हप्ता झाला. खूण सोपी आहे: दशांश दिल्यावर नोकरी गेली की असा माणूस देवावर चिडतो, कारण त्यानं आपल्या मते सौदा केला होता.

कडकभाकरी

हिशेबनीस दादा, भिशीवर एवढा राग का ओ? आमच्याकडं बायकांच्या हातात चार पैसे राहतात ते भिशीमुळंच.

हिशेबनीस

ताई, भिशीवर राग नाही. भिशी फार चांगली. बाईच्या हातचे ते पैसे कुणी हिसकावू नयेत म्हणून ती असते. मी लिहिलं ते गोळ्या लांबवून भिशी भरण्याबद्दल. पहिला नंबर कुणाचा, एवढाच मुद्दा.

कडकभाकरी

बरं. आता माझा प्रश्न. प्रचारकांच्या सभांमधून तेलाच्या बाटल्या, रुमाल, "आशीर्वादाचं पाणी" घरोघरी आलंय. महिला संघात विचारलं की अर्ध्या बायका म्हणतात याकोबाच्या पत्रात तेल आहे. मग चूक कुठं?

वचनवाचक

ताई, याकोब ५:१४ पूर्ण वाचून दाखवा, भांडण तिथेच मिटतं. त्यात चार गोष्टी आहेत: आजारी माणसानं बोलवायचं, मंडळीच्या वडिलांना बोलवायचं, त्यांनी प्रार्थना करायची, प्रभूच्या नावानं तेल लावायचं. पुढचं वचन विश्वासाच्या प्रार्थनेबद्दल आहे, तेलाच्या गुणाबद्दल नाही. आणि सोळाव्या वचनात एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय, ते बाटलीवाले कधी वाचत नाहीत.

आता बाटली हातात घेऊन बघा. पन्नास मिलीची प्लास्टिकची, आत खोबरेल किंवा ऑलिव्ह. लेबलवर प्रचारकाचा फोटो मोठा, वचन बारीक अक्षरात, त्याखाली मोबाईल नंबर आणि क्यूआर कोड. "प्रभूच्या नावाने" या शब्दांना जागाच उरत नाही. बाटली टीव्हीशेजारी ठेवलेली असते. पोराच्या कपाळाला परीक्षेच्या दिवशी, दुकानाच्या उंबऱ्याला सोमवारी, नव्या गाडीच्या चाकाला. आजारी कुणीच नाही, वडील कुणी आले नाहीत, प्रार्थना झाली नाही. उरलं फक्त तेल.

रुमालाचं तसंच. प्रेषितांची कृत्ये १९:११-१२ दाखवतात, पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांवर घातले की ते बरे व्हायचे ते वचन. तोच अध्याय पुढे वाचा. तिथे स्पष्ट आहे की देव पौलाच्या हातून चमत्कार करत होता, किमतीचा कुठे उल्लेख नाही. लगेच पुढे स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला जातात आणि मार खाऊन, उघडे होऊन पळतात. मग इफिसातले लोक जादूटोण्याची स्वतःची पुस्तकं आणून जाळतात, किंमत ५०,००० रौप्य नाणी. आणि शेवटी देमेत्रिय सोनार, ज्याचा धंदा देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांवर चालतो, तो धंदा बुडेल म्हणून शहरात दंगा उठवतो. रुमाल, मंत्र, पुस्तकं आणि धंदा सगळं एकाच अध्यायात आहे. आपल्याकडे दोन वचनं कापून घेतात आणि बाकीचा अध्याय सोडून देतात.

"बीज पेरा, शंभरपट मिळेल" याचंही असंच कापलंय. मार्क १०:३० मध्ये शंभरपट आहे, पण त्याच वाक्यात "छळणुकीबरोबर" हाही शब्द आहे. दानाच्या पाकिटावर तो छापलेला कुठे दिसत नाही.

नवी_पेठकर

३१ डिसेंबरच्या रात्री वर्षासाठी बायबलच्या वचनाची चिठ्ठी काढतात त्याचं काय? लहान मुलांपासून सगळ्यांना आवडतं ते.

वचनवाचक

चिठ्ठी काढण्यात पाप नाही. पण डब्यात काय भरलंय बघा, फक्त आशीर्वाद. "आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या" ही चिठ्ठी सहसा कुणाला निघत नाही, कारण ती टाकलेलीच नसते. सगळ्यात लाडकी चिठ्ठी यिर्मया २९:११, "मी तुमच्याविषयी केलेल्या योजना जाणतो." तिच्या आधीचं, दहावं वचन सांगतं की हे बाबेलात ७० वर्षं भरल्यावर. ते पत्र बंदिवानांना लिहिलेलं आहे: घरं बांधा, बागा लावा, राहताय त्या शहराचं कल्याण चिंता. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण ते बघायला जगणारही नव्हते. एवढं खोल वचन आपण "यंदा प्रमोशन नक्की" एवढ्यावर आणून ठेवलं.

मूर्तीची खूण कुठे दिसते सांगतो. चिठ्ठी मनासारखी नाही आली की माणूस हळूच परत डब्यात टाकतो आणि दुसरी काढतो. किंवा वर्षभर ती पाकिटात ठेवतो, हरवली तर बेचैन होतो. उपाय साधा आहे. पाळकांनी चिठ्ठीवर फक्त अध्यायाचा आकडा लिहावा, वचन लिहू नये. ज्याला जो अध्याय येईल तो त्यानं जानेवारीत पूर्ण वाचावा. डब्यात विलापगीतही असू द्या.

उशाखाली बायबल, गाडीत बायबल, पाळण्यात बायबल, यासाठी १ शमुवेल ४ वाचा. इस्राएली लढाई हरले, ४,००० पडले, तर म्हणाले कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पेटी आणा, तो आपल्याला वाचवेल. आणला. यावेळी ३०,००० पडले आणि कोशही गेला. कोश खराच होता, देवानंच करवून घेतलेला होता. त्याच्या मालकाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मिस्साला_येणारा

धागा चांगला आहे. मी कॅथलिक आहे आणि इथे कुणीतरी लवकरच "मग तुमचे पुतळे?" विचारणार, म्हणून आधीच लिहितो.

आज्ञांची मोजणी आपल्यात वेगळी आहे. तुम्ही जिला दुसरी आज्ञा म्हणता, कोरीव मूर्तीची, ती कॅथलिक आणि लुथरन मोजणीत पहिल्या आज्ञेतच येते, आणि लोभाची आज्ञा दोन भागांत मोजून दहा पूर्ण होतात. "कॅथलिकांनी दुसरी आज्ञा गाळली" हा व्हॉट्सअॅपवरचा आरोप यातूनच येतो. निर्गम २० मधलं एकही वाक्य कुणी गाळलेलं नाही. प्रतिमांबद्दल निकाल ७८७ च्या निकाया परिषदेत झाला: आराधना फक्त देवाची, प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो. हे मान्य नसेल तर नसू द्या, पण आम्ही काय म्हणतो ते नीट समजून मग वाद घाला.

आता आमच्या घरातली खरी अडचण. आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच, २१११ व्या परिच्छेदात सांगितलंय की मनाच्या तयारीशिवाय नुसत्या बाहेरच्या कृतीला किंवा शब्दांना गुण चिकटवणं ही अंधश्रद्धा. आणि २११३ मध्ये मूर्तीच्या यादीत सत्ता, सुख, वंश, पूर्वज, राज्य, पैसा अशी नावं आहेत. म्हणजे पुतळा हा आमच्यातही शेवटचा प्रश्न आहे. "ही नोव्हेना नऊ जणांना पाठवा, नऊ दिवसांत बातमी येईल, थांबवली तर अनर्थ" असे मेसेज फिरतात, ते सरळ अंधश्रद्धेत बसतात. नोव्हेना म्हणजे नऊ दिवस चिकाटीनं प्रार्थना, धमकीचं पत्र नव्हे. आला मेसेज की पुढे पाठवायचा नाही आणि पाठवणाऱ्या मावशीला फोन करून विचारायचं, "काय झालंय, कशाची काळजी लागलीय?" बहुतेक वेळा खरी काळजी असते.

जपमाळ गाडीच्या आरशाला लटकवून चाळीसच्या जागी ऐंशीनं जाणं, यावर मी जास्त लिहीत नाही. अक्कलकोट रोडवर रोज दिसतं.

सातरस्ता

वा. मोजणीचं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

धोटा

मागावरच्या लोकांचं कुणी लिहीना म्हणून लिहितो. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. आपला माणूस कामाला असतो. मालक म्हणतो हार घाल, नारळ फोड. त्या वेळी काय करायचं? काही पाळक सांगतात त्या दिवशी सुट्टी घ्या. खाडा पडला की पैसे गेले, आणि वरून मालक म्हणतो हे लोक सणाला पाठ फिरवतात. मग बायबलमधल्या नामान सेनापतीचं काय? तो तर राजाबरोबर रिम्मोनाच्या देवळात वाकणार होता, अलीशानं त्याला "शांतीने जा" म्हटलंच की.

वचनवाचक

भाऊ, चांगला प्रश्न. २ राजे ५:१८ नीट बघा. नामान अर्पण करायला जात नव्हता. राजा त्याच्या हातावर टेकून वाकायचा, म्हणून त्याला वाकावं लागायचं. आणि त्यानं स्वतःच आधी क्षमा मागितली, लपवून ठेवलं नाही. म्हणजे कामाचा भाग म्हणून हजर असणं एक आणि स्वतःच्या हातानं पूजा करणं दुसरं. पौलही १ करिंथ १० मध्ये हीच रेघ ओढतो. बाजारात विकलेलं मांस काही न विचारता खा (२५), कुणी घरी बोलावलं तर वाढलेलं खा (२७), "हे अर्पण केलेलं आहे" असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका (२८), आणि पूजेच्या मेजावर स्वतः वाटेकरी होऊ नका (२१).

यातून आपल्या सोलापुरातलं बरंच सुटतं. संक्रांतीला शेजारणीनं दिलेला तिळगूळ हा शेजाराचा गोडवा आहे, हात पुढे करून घ्या आणि गोड बोला. सिद्धेश्वर यात्रेत गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या बाजारात, पोरांना पाळण्यात बसवायला, भांडी घ्यायला जाताय, जा. ते बाजारात जाणं झालं. नंदीध्वजांची मिरवणूक दारावरून जाते तेव्हा रस्त्यात तोंड वाकडं करून उभं राहणं हा विश्वास नाही, उद्धटपणा आहे.

जुळे_सोलापूर

कारखान्याचं मी सांगतो. वेळ महत्त्वाची. पूजेच्या ऐन वेळी सगळ्यांसमोर "मी नाही करणार" म्हणालात तर मालकाचा अपमान होतो आणि तो बरोबरच चिडतो. आठ दिवस आधी, एकट्यात जाऊन सांगायचं: "साहेब, यंत्र पुसणं, तेल घालणं, फरशी धुणं, पेढे वाटणं सगळं मी करतो. हार घालणं आणि नारळ तेवढं दुसऱ्याकडं द्या, आमच्याकडं ते चालत नाही." आणि मग खरंच सगळ्यांच्या आधी येऊन यंत्र चकचकीत पुसायचं. बहुतेक मालक ऐकतात. नाही ऐकलं तर ती किंमत आहे, पण निदान ती कामचुकारपणाची तरी नसते.

टाळ-मृदंगावर, पेटीवर भजन म्हटलं की मूर्तिपूजा झाली म्हणणारे एकदोन जण अजून आहेत. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं लिहिली, ती शंभर वर्षं आपण उपासनेत म्हणतोय. चाल कुणाची हा प्रश्न नाही.

रेल्वेलाईन्स

एक मूर्ती कुणीच लिहिली नाही अजून. जात.

बाप्तिस्म्यात नाव बदलतं, आडनाव कधीकधी बदलतं, पण लग्न ठरवताना पहिला प्रश्न "मूळचे कोण?" हाच येतो. बायोडाटात "ख्रिस्ती" लिहिलेलं असतं आणि फोनवर खरी अट सांगतात. मुलगी विश्वासू आहे, शिकलेली आहे, मंडळीत सेवा करते, तरी नकार. कारण विचारलं तर "पत्रिका बघत नाही आम्ही, पण घराणं बघावं लागतं." मराठी, तेलुगू, कन्नड उपासनांच्या वेळा वेगळ्या आहेत ते भाषेसाठी ठीक. पण प्रभुभोजनाच्या पेल्यापर्यंत एक आणि सोयरिकीपासून वेगळे, हे गलती ३:२८ मध्ये कुठे बसतं? सातरस्ता यांचा तिसरा प्रश्न लावा. बळी कुणाचा? तिशी ओलांडून घरी बसलेल्या मुलींचा.

काळा दोरा आणि लिंबू-मिरची आपण पटकन ओळखतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. ही दिसत नाही.

हिशेबनीस

+१. आणि दुसरी न दिसणारी म्हणजे मुलांचे मार्क. नववीपासून रविवारचा क्लास लागला की उपासना बंद. पालक म्हणतात "दोनच वर्षं". मग बारावी, मग प्रवेशाची तयारी, मग रिपीट. पाच वर्षं होतात. क्लास लावू नका असं नाही. रविवारी दोन तासांसाठी दुसरी बॅच मिळते का, एवढं तरी विचारा, बऱ्याचदा मिळते. विचारतच कुणी नाही. आणि निकालाच्या दिवशी बापाचा चेहरा बघून पोराला कळतं की या घरात आपली किंमत किती टक्के आहे.

नवी_पेठकर

आता मात्र अति होतंय. पैसा मूर्ती, मार्क मूर्ती, तेल मूर्ती, लग्न मूर्ती. असं केलं तर माणसानं जगायचं कसं? काही विश्वासणारे आधीच इतके घाबरलेले असतात की सोन्याची बांगडी घालायचीही भीती वाटते. उद्या म्हणाल शेंगा चटणीही मूर्ती.

वचनवाचक

हा इशारा योग्य आहे आणि धाग्यात यायलाच हवा होता. सारखं स्वतःला तपासत बसणं हीसुद्धा एक पूजा होते, आपल्याच शुद्धतेची. १ तीमथ्य ४:४ सांगतं देवानं निर्माण केलेलं सगळं चांगलं, आभार मानून घेतलं तर टाकून देण्यासारखं काही नाही. म्हणून चौथा प्रश्न जोडतो, सातरस्ता रागावणार नाहीत: या गोष्टीबद्दल मोकळ्या मनानं आभार मानता येतात का? बांगडीबद्दल येतात, मग घाला. चटणीबद्दल तर नक्कीच येतात. खोटं बोलून मिळवलेल्या कंत्राटाबद्दल येत नाहीत. सारखी भीती, सारखी खात्री करत राहणं, झोप उडणं एवढं झालं असेल तर मूर्तीची चर्चा बाजूला ठेवा आणि पाळकांबरोबर डॉक्टरांशीही बोला.

मिस्साला_येणारा

पाळक म्हटल्यावर आठवलं. फादर असोत की पास्टर, माणूसच मूर्ती होतो तो प्रकार कुणी लिहिणार का? आमच्याकडे आहे, तुमच्याकडेही आहे.

हिशेबनीस

आहे. यूट्यूबमुळे वाढलाय.

बायबलमध्ये दोन प्रसंग याच्यासाठीच आहेत. कर्नेल्य पेत्राच्या पाया पडला तर पेत्र त्याला उठवतो, "मीही माणूसच आहे" (कृत्ये १०:२६). लुस्त्रात लोक पौल-बर्णबाला देव समजून बैल आणि हार घेऊन आले, तर दोघांनी कपडे फाडून त्यांना थांबवलं (१४:११-१५). सेवकानं थांबवलं नाही आणि मान खाली घालून हसत उभा राहिला, तर तिथेच सावध व्हायचं.

प्रश्न विचारला की "अभिषिक्ताला, म्हणजे देवानं नेमलेल्याला, हात लावू नका" हे वाक्य येतं. दाविदानं शौल राजाला मारलं नाही हे खरं. पण १ शमुवेल २४ मध्ये तोच दावीद गुहेबाहेर येऊन सगळ्यांसमोर शौलाला विचारतो, तुम्ही माझ्या मागे का लागलात. हात लावायचा नाही म्हणजे मारायचं नाही. हिशेब विचारायचा नाही असा अर्थ त्यातून निघत नाही.

हिशेबाचं सांगतो. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. वार्षिक सभेत तीन गोष्टी मागा: तपासलेला ताळेबंद, दानपेटी मोजणाऱ्यांची नावं (दोघांपेक्षा कमी नकोत आणि एकाच घरातले नकोत), आणि दान कुणाच्या खात्यावर जमा होतं ते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मंडळीऐवजी एका व्यक्तीचं नाव आलं, तर पैसे पाठवण्याआधी विचारा. यात अविश्वास नाही. पौलानं यरुशलेमेची वर्गणी पाठवताना बरोबर माणसं दिली, कुणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८:२०). पौलाला चालतं तर आपल्या पास्टरसाहेबांना का चालू नये?

धोटा

आमच्या भागात एक प्रचारक गोळ्या बंद करायला सांगतात. म्हणतात औषध घेतलं तर विश्वास कमी. आसा राजाचं वचन दाखवतात.

जुळे_सोलापूर

हे गंभीर आहे, नीट वाचा.

टीबीच्या साध्या प्रकाराचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकं तेव्हाच "साक्ष द्या, बरे झालात" म्हणून गोळ्या सुटतात. जंतू मेलेले नसतात. जे उरतात ते औषधाला दाद न देणारे होऊ शकतात, मग उपचार लांबतो आणि जास्त त्रासाचा होतो. तोपर्यंत घरातल्यांना लागण झालेली असू शकते. इन्सुलिन अचानक बंद केलं तर काही दिवसांत जीवावर बेतू शकतं. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट परत येऊ शकते, कधी थांबतच नाही.

वचनाचं म्हणाल तर २ इतिहास १६:१२ मध्ये आसा आजारात फक्त वैद्यांकडे गेला; त्याला दोष आहे तो परमेश्वराला विचारलंच नाही म्हणून. हिज्कीयाला मात्र यशया ३८:२१ मध्ये देवाच्याच संदेष्ट्यानं गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो.

कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखणं हा गुन्हा आहे, आणि तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवून पैसे मिळवणं हाही. त्यात कुठल्या एका धर्माचं नाव नाही, आपल्यालाही तितकाच लागू आहे. त्या घरी जाऊन आधी गोळ्या चालू करा, सरकारी दवाखान्याचं कार्ड बघा, किती दिवस खंड पडला ते डॉक्टरांना खरं सांगा. वचनाचा वाद नंतर.

कडकभाकरी

शेवटचं विचारते. बायकांनी ठरवलं की तेल, रुमाल, दोरे सगळं काढून टाकायचं. कुणी म्हणतं होळी करू, कुणी म्हणतं तलावात सोडू, कुणी म्हणतं त्या सभेच्या ठिकाणी नेऊन परत फेकू. काय करावं?

सातरस्ता

ताई, होळी नको, मिरवणूक नको, व्हिडिओ तर अजिबात नको. इफिसच्या लोकांनी स्वतःची पुस्तकं स्वतः आणून जाळली, दुसऱ्याच्या घरात शिरून नाही. हाच नियम. सासूच्या, जावेच्या, शेजारणीच्या वस्तूला हात लावायचा नाही. घरात दुसऱ्या धर्माचं माणूस असेल तर त्याच्या देवाच्या फोटोला तर मुळीच नाही. ते चुकीचं आहेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या २९८ आणि २९९ कलमांत जाण्यासारखं आहे. सभेच्या ठिकाणी जाऊन फेकाफेकी केली तर वस्तू राहते बाजूला आणि भांडण मोठं होतं.

तेल खोबरेल असेल आणि खराब झालेलं नसेल तर डोक्याला लावून संपवा, ऑलिव्ह असेल तर तसंच. त्यात विशेष काही नव्हतं, हे वापरूनच कळतं. वास आला असेल तर कागदात टिपून कचऱ्यात, मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. रुमाल धुऊन फडकं करा. लेबल सोलून बाटली सुक्या कचऱ्यात. दोरा ज्यानं बांधून घेतला त्यानंच कापायचा, दुसऱ्यानं कापला की भीती मनात तशीच राहते आणि महिन्याभरात नवा येतो. लहान पोराच्या दंडातला असेल तर आईनं कापावा, तिला धीर देऊन.

आणि काढल्यानंतरचे पंधरा दिवस त्या बाईला एकटं सोडू नका. नेमकं तेव्हाच पोराला ताप येतो आणि सासू म्हणते, "बघ, काढलंस ना?" महिला संघातल्या दोघींनी आलटून पालटून घरी जावं, पोराला दवाखान्यात न्यायला सोबत करावी.

कडकभाकरी

चालेल. बुधवारच्या प्रार्थनेनंतर जोड्या लावते. खोबरेलाच्या बाटल्या बऱ्याच निघतील बहुतेक.